मी त्यांच्यातला नाही

तीन शब्दांचं एक वाक्य मी परदेशात बोललो. ते खरं होतं, त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. तरी गेले कित्येक महिने ते घशात अडकून बसलंय. खरं बोलूनही माणूस गुन्हेगार ठरू शकतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मांडायचा तर आधी जे घडलं ते सांगावं लागेल. प्रवासवर्णन लिहायची मला हौस नाही. तळ्याचं निळं पाणी, डोंगरावरचं धुकं, असल्या गोष्टी लिहिणारे आपल्याकडे खूप झाले. त्यांना कुठल्या दारात कुणी अडवलं नाही म्हणून त्यांना धुकं दिसलं.

कंपनीच्या कामाने मी काही महिने जर्मनीत होतो. आठ दिवस सुटी उरली होती आणि पैसे बेताचे होते. सोबतचे लोक पॅरिसला गेले. मी नकाशात बोट ठेवलं ते नॉर्थ मॅसिडोनियावर. तिकीट स्वस्त, जेवण स्वस्त, आणि तिथे आपल्या ओळखीचं कुणी भेटायचं नाही ही खात्री. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती.

दोस्तहो, एकट्याने फिरणं ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. आपल्याकडे गाडीत बसलं की कल्याण सुटायच्या आत शेजारचा विचारतो, कुठले? मग विचारतो, आडनाव काय? आडनाव सांगितलं तर डबा उघडायचा की नाही हे तो ठरवतो. नाही सांगितलं तर तो गावाचं नाव विचारतो, मग गावातली आळी विचारतो. बाप म्हणायचा, "पोरा, आपलं तिकीट रेल्वेवाला एकदा बघतो, बाकीचे धा वेळा बघत्यात." मला आठ दिवस असे हवे होते की कुणी तिकीट बघणार नाही. मी कोण हे कुणालाच कळायचं नाही. म्हंजे मी नुसता माणूस.

तो देश लहान आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या बाराव्या हिश्शाएवढं. 2021 च्या शिरगणतीत माणसं भरली साधारण 18 लाख 36 हजार. आधी युगोस्लाव्हियातलं एक प्रजासत्ताक, 1991 साली स्वतंत्र झालं. आणि गंमत बघा, या देशालाच नावाचा जाच झालेला. शेजारचा ग्रीस म्हणाला, मॅसिडोनिया हे नाव आमचं, तुम्ही लावायचं नाही. 1993 साली युनोत घेतलं तेव्हाही "माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया" अशा लांबलचक उसन्या नावाने घेतलं. म्हंजे "पूर्वाश्रमीचे अमुक" अशी पाटी एका अख्ख्या देशाच्या गळ्यात. 2018 साली प्रेस्पा तळ्याकाठी करार झाला आणि 2019 पासून नावाच्या पुढे "नॉर्थ" लागलं. एका नावापायी 27-28 वर्षं गेली. मला वाटलं, हे लोक आपल्याला समजतील. ज्याला नावावरून अडवलंय तो दुसऱ्याला नावावरून अडवणार नाही, असं मी मनाशी धरलं. हा माझा पहिला मूर्खपणा. आपल्याकडेही हा मूर्खपणा पुष्कळांनी केलाय. सोसलेला माणूस आपोआप शहाणा होतो, असं आपल्याला वाटत असतं.

पहिले चार दिवस मात्र झकास गेले. स्कोप्येत वर्दार नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर उभा राहिलो. जुन्या रेल्वे स्टेशनवरचं घड्याळ पाहिलं. 26 जुलै 1963 ला पहाटे 5 वाजून 17 मिनिटांनी भूकंप झाला, हजारावर माणसं मेली, शहर बहुतेक भुईसपाट झालं. घड्याळ त्या वेळेवर थांबलेलं, ते तसंच ठेवलंय. मग बसने ओह्रिदला गेलो. तिथलं तळं युरोपातल्या सर्वात जुन्या तळ्यांपैकी एक, खोली 280 मीटरच्या वर, पलीकडचा काठ अल्बानियाचा. मातीच्या भांड्यात भाजलेल्या शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याची भाजी पावाशी खाल्ली, तिला ते तावचे ग्रावचे म्हणतात. लाल मिरच्यांचं आयवार खाल्लं, आपल्या ठेच्याचा मवाळ चुलतभाऊ. काठावर एका म्हाताऱ्याने जाळं निवडता निवडता मला बसायला खोकं दिलं. त्याने काहीच विचारलं नाही. आम्ही अर्धा तास गप्प बसलो. मी मनात म्हणालो, हे बघ, असं असतं. माणसाने माणसाजवळ नुसतं बसायचं.

पाचव्या दिवशी दुसऱ्या एका गावी उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण एका बाईचा हिशेब गावाच्या नावे मांडणं बरोबर नाही. संध्याकाळ झालेली, पाऊस लागलेला. खोल्या भाड्याने मिळतात अशी पाटी असलेल्या घराची घंटी वाजवली. दार उघडलं. बाई साठीची, अंगावर एप्रन. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे, मग हाताकडे, मग बुटाकडे. म्हणाली, "नेमा." म्हंजे नाही. मी पाटीकडे बोट दाखवलं. ती परत म्हणाली, "नेमा," आणि दार लोटू लागली.

दोस्तहो, ती नजर मला शिकवावी लागत नाही. भाषा कळली नाही तरी ती नजर मला कळते. आईच्या पोटातून शिकून आलोय. फक्त तिथे ती कुणासाठी आहे हे समजायला मला दोन क्षण लागले. तिला मी रोमा वाटलो होतो. तिकडे ज्यांना त्सिगान म्हणून हिणवतात, इंग्रजीत जिप्सी म्हणतात, ते. माझा रंग, माझे केस, पाठीवरचं गाठोड्यासारखं सामान. तिच्या हिशेबाने मी तिच्या गावकुसाबाहेरचा होतो.

आणि मग मी ते केलं. खिशातून पासपोर्ट काढला आणि दाराच्या फटीत धरला. म्हणालो, "इंडिया, इंडिया. टुरिस्ट." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी पुढे हसून इंग्रजीत म्हणालो, "मी त्यांच्यातला नाही."

बाईचा चेहरा खुलला. दार पूर्ण उघडलं. "ओ, इंडिया!" टीव्हीवरच्या कुठल्याशा हिंदी मालिकेचं तिने नाव घेतलं. खोली होतीच. पाहुण्याला देतात तसं तिने बशीत स्लात्को आणून दिलं, म्हंजे पाकात मुरवलेली फळं, चमचा आणि पाण्याचा ग्लास. छातीवर हात ठेवून इंग्रजीत माफी मागितली. म्हणाली, काय करणार, ते लोक चोऱ्या करतात. मी चमचा तोंडात घातला आणि मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसती हलवली, ते आता मला सांगता येत नाही. पण हलवली.

रात्री झोप आली नाही. गादी मऊ होती.

सकाळी निघून मी सरळ स्कोप्येला परतलो आणि शुतो ओरिझारीला गेलो. लोक त्याला शुतका म्हणतात. स्कोप्येच्या कडेची वस्ती. भूकंपात उखडलेले रोमा तिथे येऊन वसले, 1996 पासून ती स्वतंत्र नगरपालिका आहे. रोमांची बहुसंख्या आणि कारभारात रोमानी भाषेला अधिकृत मान असलेली अशी नगरपालिका जगात क्वचितच सापडेल. काही घरं दोन मजली, रंगीत, पुढे नक्षीदार फाटक. हे परदेशातल्या मजुरीचे पैसे. काही घरं पत्र्याची आणि पुठ्ठ्याची. मधे बाजार, लग्नाचे झगमगीत कपडे, जुने मोबाइल, मिरच्या. मी अपराधी मनाने गेलो होतो, हे कबूल करतो. माणूस पाप एकाच्या दारात करतो आणि फेडायला दुसऱ्याच्याच दारात जातो.

चहाच्या टपरीवर एकजण भेटला. चाळिशीचा, जर्मनीत काही वर्षं बांधकामावर होता. त्याची जर्मन माझ्याहून बरी. इंडिया म्हटल्यावर त्याने मला मिठीच मारली. मग बोटांवर आकडे मोजायला लागला. एक, दुई, त्रीन, श्तार, पांज. मी ऐकतच राहिलो. नाकाला नाक, कानाला कान, पाण्याला पानी, माणसाला मनुष, काळ्याला कालो, सुरीला छुरी. सात, आठ, नऊ मात्र ग्रीक, एफ्ता, ओख्तो, एन्या. मग दहाला पुन्हा देश, विसाला बिश. हजारएक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेली माणसं कुठून कुठून गेली ते त्यांच्या आकड्यांतच राहिलंय. रस्त्याला ते द्रोम म्हणतात, तोही ग्रीक शब्द. घराचा शब्द इकडचा, खेर. रस्त्याचा शब्द रस्त्यात मिळालेला.

त्याने टपरीवरचा झेंडा दाखवला. वर निळा, खाली हिरवा, मधे लाल चाक. 1971 साली लंडनजवळ रोमांची पहिली जागतिक परिषद भरली, तिथे तो ठरला. चाकाला 16 आरे. आपल्या चक्राला 24. तो म्हणाला, हे तुमचंच चाक.

मग त्याने विचारलं, "आम्ही राजपूत होतो ना? लढवय्ये? मुसलमान फौजांशी लढत लढत आम्ही बाहेर पडलो ना? असं पुस्तकात आहे." आणि पाठोपाठ, "तुम्ही कोण? तुमचे लोक कोण?"

मी गप्प झालो. तो जे म्हणत होता ते पुस्तकात आहे हे खरं. रोमा म्हंजे परागंदा झालेले क्षत्रिय, असा एक सिद्धांत काहीजण मांडतात. पण भाषेचे बहुतेक अभ्यासक दुसरं सांगतात. रोम हा शब्द डोम या शब्दापासून आला. डोम म्हंजे कोण, हे आपल्याला सांगायला नको. काशीच्या घाटावर प्रेतं जाळणारे. गाणारे, वाजवणारे, टोपल्या विणणारे, आणि शिवायचे नाहीत ते. 1976 साली चंदीगडला रोमांचा महोत्सव भरला तेव्हा आपल्या पुढाऱ्यांनी त्यांना हरवलेली लेकरं म्हणून मिठ्या मारल्या. हजार वर्षांपूर्वी गेलेल्या लेकरांना मिठी. न गेलेले घाटावर उभे होते, त्यांना कुणी बोलावलं नाही.

हे सगळं माझ्या जिभेवर आलं. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "मी इंडियन." तो खूष झाला. त्याने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

घटना संपल्या. आता प्रश्न.

कुणी म्हणेल, तू खोटं कुठे बोललास? तू इंडियन आहेसच. रोमा नाहीस हेही खरं. पावसात भिजायचं होतं का? मी बरेच दिवस स्वतःला हेच सांगत होतो. पण यात एक गफलत आहे. "मी भारतातला आहे" ही माहिती आहे. "मी त्यांच्यातला नाही" ही संमती आहे. पहिल्या वाक्यात मी कोण ते सांगतो. दुसऱ्यात मी बाईला सांगतो की तुझा नियम मला मान्य आहे, फक्त माझ्या बाबतीत तुझी मोजणी चुकली. म्हंजे दार बंद करणं बरोबर, माझ्यासाठी बंद करणं चूक. वाक्य खरं असेल, पण ते कुठल्या कामाला लावलं हेही बघावं लागतं. कोयता खराच असतो. उसाला लावला की मानेला, ते वेगळं.

दुसरा म्हणेल, बाबासाहेबांनाही ओळख लपवावी लागली होती. 1917 साली बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा कुणी जागा देईना, म्हणून पारशांच्या धर्मशाळेत पारशी नावाने राहिले. कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना हाकलून दिलं. परदेशात शिकून आलेला माणूस बागेत बसून राहिला. मी या आठवणीच्या मागे लपायला बघितलं, पण ती मला लपवीना. त्यांनी उसनं नाव घेतलं ते छप्परासाठी. त्यात त्यांनी कुणाला खाली ढकललं नाही. जगात दुसरी जागाच नव्हती. माझ्याकडे त्या रात्री काय नव्हतं? खिशात युरो होते, फोन होता, गावात आणखी पाच-सात पाट्या होत्या. ज्याला दुसरी जागा नाही त्याच्याकडून बाणेदारपणा मागणं हा पोट भरलेल्यांचा खेळ आहे, तो मी मागणार नाही. पण ज्याच्याकडे गमावण्यासारखं फक्त एक मऊ गादी आहे, त्याच्याकडून काहीतरी मागितलं पाहिजे. जेवढं कमी गमवायचं, तेवढी जबाबदारी जास्त. हा हिशेब मला मान्य आहे, आणि त्या हिशेबाने मी नापास आहे.

मग मी काय करायला हवं होतं? भाषण ठोकायला नको होतं. पासपोर्ट दाखवायला हरकत नव्हती, तो मागण्याचा तिला हक्कच होता. पण दार उघडल्यावर एक प्रश्न विचारता आला असता. "आणि असतो तर?" तेवढाच. बाई गडबडली असती किंवा चिडली असती, कदाचित खोली गेली असती. पण नियम तिचा आहे हे तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं असतं. मी तो तिच्या वतीने म्हटला, हसत.

आणि ज्यांच्यातला मी नाही म्हणालो, त्यांच्याकडे दाखवायला काय आहे? त्याच देशाचा पासपोर्ट आहे. 2009 च्या डिसेंबरपासून मॅसिडोनियाच्या नागरिकांना युरोपात व्हिसाशिवाय जायची मुभा मिळाली. पण हे लोक जाऊन आश्रय मागतील म्हणून सरहद्दीवर रोमांनाच अडवून परत पाठवू लागले. हातात कागद खरा, तरी माणूस खोटा. 2023 च्या ऑक्टोबरात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने त्याबद्दल त्या देशाविरुद्ध निकाल दिला. त्याच्या आदल्या वर्षी दुसरा निकाल होता, बितोला आणि श्तिप इथे रोमा पोरांचं शिक्षण वेगळं पाडलं म्हणून. माझा परका पासपोर्ट त्या बाईच्या दारात चालला. त्यांचा स्वतःचा पासपोर्ट स्वतःच्या देशाच्या दारात चालला नाही. मी हे आधी वाचलं असतं तर वेगळं वागलो असतो का? मला तसं वाटत नाही. आपल्या वस्तीवर काय होतं हे माहीत असलेले आपल्यातलेच किती जण सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आडनाव गिळून बसलेत. माहिती कमी पडत नाही.

आता शुतकातली गोष्ट. तिथेही मी खरंच बोललो, "मी इंडियन." डोमाचं त्याला सांगितलं नाही, याबद्दल मला फारसा पश्चात्ताप नाही. शब्द कुठून आला हे कळलं म्हणून एका माणसाचा खापरपणजा कळत नाही. आणि ज्याला जन्मभर चोर म्हटलंय, त्याने एखादा राजा पूर्वज म्हणून धरला तर तो मी कुठल्या तोंडाने हिसकावू? आपल्याकडे कुठल्या जातीने आपण मूळचे क्षत्रिय म्हणून पोथ्या शोधल्या नाहीत? ती गुंगी मला ठाऊक आहे. त्याला आपल्यात ओढण्याचा मोह झाला होता, तू माझा आहेस, तूही बाहेरचाच, असं म्हणून. पण तोही एक कब्जाच. त्याने मला ते विचारलं नव्हतं.

त्याने विचारलं होतं, तुम्ही कोण. त्याचं उत्तर मला शंभर टक्के माहीत होतं. त्यासाठी भाषाशास्त्र लागत नव्हतं. मी सांगायला हवं होतं की बाबा, तू ज्या राजपुतांचं नाव घेतोस त्यांच्या गावात माझ्या आजाला चप्पल हातात घेऊन चालावं लागलं असतं. मी त्या गावाबाहेरचा. तुझा झेंडा मला आवडला, पण तुझा राजा मला परवडत नाही. एवढं सांगितलं असतं तर त्याने मिठी काढून घेतली असती का? कुणास ठाऊक. कदाचित म्हणाला असता, मग तू तर आमच्यासारखाच. कदाचित चहाचे पैसे मागितले असते. दोन्ही उत्तरं घ्यायची माझी तयारी हवी होती. त्याने मला भाऊ म्हणून विचारलं, मी टुरिस्ट म्हणून उत्तर दिलं.

म्हंजे दोन्ही ठिकाणी शब्द एकच, इंडियन. दोन्ही वेळा खरा. बाईच्या दारात मी त्यावर पाय ठेवून वर चढलो आणि टपरीवर त्याच्याखाली दडलो. खोटं बोलणारा निदान आपण खोटं बोलतोय हे जाणून असतो. खऱ्या शब्दात दडलेल्या माणसाला शोधायला कुणी येत नाही, त्याला स्वतःलाच स्वतःला बाहेर काढावं लागतं. आणि एकट्याने फिरताना तर साक्षीदारही नसतो.

आठ दिवस नुसता माणूस म्हणून फिरायचं, ही माझी इच्छा होती. ती वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही. ओह्रिदच्या काठावरचा तो अर्धा तास खरा होता. पण कुणी ओळखत नाही म्हणून मिळालेलं माणूसपण म्हंजे उधारीवरचं. कुणीतरी घंटी वाजवतो, कुणीतरी फटीतून बघतो, आणि उधारी वसूल होते. त्या क्षणी आपण कुणाच्या नावावर ती ढकलतो हे बघायचं.

हे इथे लिहिलं, कारण त्या टपरीवाल्या दोस्ताचा पत्ता मी घेतला नाही, तोही एक पळपुटेपणाच. आणि त्या बाईला पत्र लिहून काही उपयोग नाही. तुमच्यापैकी कुणी असं दारात उभं राहिलं असेल, इकडच्या किंवा तिकडच्या, आणि सुटण्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवलं असेल, किंवा नसेल दाखवलं, तर लिहा. उपदेश नको. काय बोललात ते लिहा, आणि रात्री झोप लागली का ते लिहा.